रिबाविरिन चालू असताना हिमोग्लोबिन घसरतंय: बीट-खजुराचा मारा करावा का?

निशिगंधा | २१ जून, रात्री ११:०८

नमस्कार मंडळी. आधीचे धागे चाळले. काविळीवर बरंच आहे, हिपॅटायटिस बीवरही आहे, पण नेमकं हे कुठे दिसलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय.

बाबांना (वय ६७, आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो) गेल्या थंडीत पोटात पाणी झालं. तपासण्यांत हिपॅटायटिस सी निघाला, आणि लिव्हर सिऱ्होसिसपर्यंत (व्रण पडून कडक होण्यापर्यंत) गेलेलं. बाबांनी उभ्या जन्मात दारू प्यायलेली नाही. १९९१ साली स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हा तीन बाटल्या रक्त चढवलं होतं. डॉक्टर म्हणाले, बहुधा तेव्हाचंच.

२७ मेपासून सोफोसबुविर-वेलपाटासविरची रोज एक गोळी आणि रिबाविरिनच्या तीन कॅप्सूल (सकाळी एक, रात्री दोन) चालू आहेत. एकूण बारा आठवडे. सुरुवातीला हिमोग्लोबिन ११.६ होतं. १० जूनला १०.१ आणि परवा १९ जूनला ८.८. डॉक्टर म्हणतात तीनच्या दोन कॅप्सूल करू. बाबा ऐकायला तयार नाहीत. "औषध अर्धवट घेतलं तर किडा मरणार नाही, सगळं पाण्यात जाईल," एवढंच धरून बसलेत. त्यातून मोठी आत्या डोंबिवलीहून दर रविवारी अळिवाचे लाडू, खजूर आणि बीट घेऊन येते. काल तर मेडिकलमधून लोहाच्या गोळ्याही आणल्या. त्या मी सध्या कपाटात लपवल्या आहेत.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बाबा हल्ली वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचतात. मला वाटायचं, निवृत्त माणूस आहे, लक्ष आहे सोसायटीवर. परवा मी मागून येत होते. पाणी कपातीची नोटीस वाचत उभे होते. नोटीस फेब्रुवारीतली. एक हात कठड्यावर घट्ट, आणि श्वास मला खालच्या पायरीवर ऐकू येत होता.

कुणी या उपचारातून गेलंय का? लोह द्यायचं की नाही? आणि बाबांना कसं पटवू?

---

सुमाकाकू | २१ जून, रात्री ११:३१

अगं निशी, काळजी करू नकोस. लोखंडी कढईत पालक कर, वरून लिंबू पिळ, जेवणानंतर गूळ-शेंगदाणे दे. आमच्या सुनेचं बाळंतपणात सातवर गेलेलं, दोन महिन्यांत अकरा झालं. आत्याचं बरोबर आहे.

---

अळवावरचं_पाणी | २१ जून, रात्री ११:४०

फेब्रुवारीतली पाणी कपातीची नोटीस जूनमध्येही लावलेली आहे म्हणजे सोसायटी नक्कीच ठाण्यातली. (हलके घ्या. बाबांना लवकर बरं वाटो.)

---

मधला_डबा | २२ जून, सकाळी ७:१५

निशिगंधा, मी यातून गेलोय. कळव्याला राहतो. २००८ साली माझे ४८ आठवडे झाले. तेव्हा या गोळ्या नव्हत्या. दर शुक्रवारी पोटात पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या पाच कॅप्सूल. इंजेक्शनं फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवायचो, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. आठवड्याच्या एका इंजेक्शनला तेव्हाच्या पगाराचा असा लचका जायचा की शुक्रवार उजाडूच नये वाटायचं.

इंजेक्शनच्या रात्री थंडी वाजून ताप, शनिवार गोधडीत. पण खरी गंमत पाचव्या आठवड्यापासून. माझं १४.२ वरून ९.६ वर आलं. कळवा स्टेशनचा पूल चढताना कानात ठोके ऐकू यायचे. मधल्या पायरीवर उभा राहून मोबाइल कानाला लावायचो, फोन आल्यासारखा. तुझ्या बाबांच्या नोटीस बोर्डाचा अर्थ मला लगेच कळला.

आता मुद्दा. माझे डॉक्टर रिबाविरिन कमी करायला अजिबात तयार नव्हते. ठरलेल्या डोसच्या ऐंशी टक्के तरी पोटात गेलंच पाहिजे, विशेषतः पहिले बारा आठवडे, असं त्यांचं म्हणणं. कमी केलं की आजार उलटायची शक्यता वाढते. त्याऐवजी मला एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे रक्त वाढवायची इंजेक्शनं दिली आणि पूर्ण डोस रेटला. २००९ पासून रिपोर्ट निगेटिव्ह आहे. म्हणून मला तरी तुझ्या बाबांचं बरोबर वाटतंय. औषध कमी करू देऊ नकोस.

---

भुईआवळा | २२ जून, सकाळी ९:०२

ॲलोपॅथीने रक्त आटवायचं आणि मग रक्त वाढवायचं इंजेक्शन विकायचं, धंदा चांगला आहे. गुळवेलीचा काढा आणि भुईआवळी सुरू करा. आमच्या मुरबाडकडे एक म्हातारे कावीळ उतरवतात. हाताला पाला चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळंधमक होतं. डोळ्यांनी पाहिलंय.

---

खारघरची_खार | २२ जून, सकाळी ९:२०

भुईआवळा, माझ्या भावाला कावीळ नव्हती, नुसता गंमत म्हणून गेला होता. त्याचंही पाणी पिवळं झालं. पाला आणि चुना एकत्र आले की रंग येतोच, आत कावीळ असो नसो.

---

निवृत्त_स्टेथो | २२ जून, सकाळी ११:४५

मी वाशीला तीस वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस केली, आता बंद आहे. पेशंट पाहिलेला नाही, त्यामुळे हे उपचार नाहीत, समजावणं आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी हे रक्त जातं कुठे ते पाहू. सुमाकाकूंच्या सुनेला लोहाची कमतरता होती, म्हणजे कारखान्यात कच्चा माल नव्हता. इथे कच्चा माल आहे, पण तयार माल फुटतोय. रिबाविरिन तांबड्या पेशीत शिरतं आणि तिथे त्याला फॉस्फेटचं शेपूट लागतं. इतर पेशींकडे ते शेपूट तोडून औषध बाहेर काढायचं साधन असतं, तांबड्या पेशीकडे नसतं. सकाळी साडेआठच्या फास्ट लोकलला ठाण्याला दारातून आत ढकलला गेलेला माणूस जसा, मुलुंडला उतरायचं म्हटलं तरी उतरू शकत नाही. असं औषध आत साठत जातं, पेशीची ऊर्जा संपते, तिचं आवरण कमकुवत होतं आणि शरीर तिला मुदतीआधीच मोडीत काढतं. एरवी तांबडी पेशी १२० दिवस जगते. म्हणून पहिल्या दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमने खाली येणं हे या औषधाचं नेहमीचं वागणं आहे.

फुटलेल्या पेशींतलं लोह कुठेही जात नाही, शरीरातच राहतं. वरून गोळ्यांनी आणखी घातलं तर ते साठायचं कुठे? बऱ्याच अंशी लिव्हरमध्ये. हिपॅटायटिस सीच्या पेशंटमध्ये लोहाचा साठा बऱ्याचदा आधीच वाढलेला असतो. म्हणून फेरिटिन (लोहाच्या साठ्याची चाचणी) पाहिल्याशिवाय लोहाची गोळी नाही. निशिगंधा, कपाटात लपवलंत ते उत्तम केलंत.

मधला_डबा, तुमच्या डॉक्टरांचं २००८ साली बरोबरच होतं. इंटरफेरॉन हे लुळं औषध, निम्मा भार रिबाविरिनवर. ते कमी केलं की विषाणू डोकं वर काढायचा. शिवाय इंटरफेरॉन अस्थिमज्जेलाही दाबायचं, म्हणजे एकीकडे पेशी फुटतायत आणि दुसरीकडे नवीन होत नाहीयेत. आता मुख्य काम सोफोसबुविर आणि वेलपाटासविर करतात. रिबाविरिन फक्त सिऱ्होसिस विकोपाला गेलेल्यांना किंवा आधीचे उपचार फसलेल्यांना जोडीला देतात. या नव्या औषधांबरोबर रिबाविरिन कमी करावं लागलं तरी बरं होण्याचं प्रमाण जवळपास तेच राहतं. तेव्हा बाबांना सांगा, किडा मारणारी गोळी पूर्णच आहे, तिला कुणी हात लावत नाहीये.

साधारण ठोकताळा असा की १० च्या खाली डोस कमी, ८.५ च्या खाली रिबाविरिन बंद. हृदयविकार असेल तर यापेक्षा लवकर, चार आठवड्यांत दोन ग्रॅम उतरलं तरी कमी करतात. बाबांना हृदयाचं काही आहे का? आणि आणखी कुठली औषधं चालू आहेत?

---

अळवावरचं_पाणी | २२ जून, दुपारी १२:०१

डॉक्टर, बाकी सगळं पटलं, पण फास्ट मुलुंडला थांबतेच कुठे?

---

मधला_डबा | २२ जून, दुपारी १२:०९

काही थांबतात. वीस वर्षं दारात उभा आहे, मला विचारा.

डॉक्टर, पटलं. मी माझ्या जमान्याचा हिशोब सांगत होतो. निशिगंधा, माझं वाक्य मागे घेतो.

---

नेरूळवासी | २२ जून, दुपारी १:३०

अवांतर, पण आमच्या सोसायटीत एकाला हे कळल्यावर त्यांच्या मोलकरणीला कपबशी वेगळी ठेवायला सांगितलं होतं. हा आजार रक्तातून पसरतो. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने नाही. वस्तरा, नखं कापायची कात्री आणि टूथब्रश मात्र ज्याचा त्याचा वेगळा.

---

निशिगंधा | २२ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, लोकलचा दृष्टांत बाबांना वाचून दाखवला. चाळीस वर्षं मध्य रेल्वेने गेलेत, लगेच समजला. हृदयाचं काही नाही. मधुमेह आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल मात्र स्वतःच्या मनाने अधूनमधून घेतात, तेही मला आजच कळलं.

पण एक वेगळीच भानगड झालीय. आज बाबांचे डोळे पिवळसर वाटले. आई देवासमोर दिवा लावून बसलीय. बाबा म्हणतात, लिव्हर चाललं. आणि आज फोनवर डॉक्टरांनी "वेळ पडली तर रक्त चढवू" म्हटल्यावर ते उठून गॅलरीत गेले ते अर्धा तास आलेच नाहीत. रक्तानेच हे दिलं ना त्यांना.

---

निवृत्त_स्टेथो | २२ जून, रात्री १०:४०

पँटोप्राझोलचं उद्याच्या उद्या डॉक्टरांच्या कानावर घाला. पोटातलं आम्ल कमी झालं की वेलपाटासविर नीट शोषलं जात नाही. बाबा कॅप्सूलवर अडून बसलेत आणि खऱ्या गोळीच्या वाटेत स्वतःच दगड ठेवतायत!

पिवळेपणा: तांबड्या पेशी फुटल्या की त्यातून बिलिरुबिन निघतं. बिलिरुबिनचा रिपोर्ट दोन भागांत येतो. त्यातलं इनडायरेक्ट वाढलं असेल तर बहुधा पेशी फुटल्याचं, डायरेक्ट वाढलं तर लिव्हरकडे बघायचं. सिऱ्होसिस आहे म्हणून घरी बसून ठरवायचं नाही, उद्या तपासून घ्या. सोबत रेटिक्युलोसाइट काउंटही, म्हणजे नवीन तांबड्या पेशी किती बनतायत ते कळेल.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. सिऱ्होसिसच्या पेशंटचं हिमोग्लोबिन उतरलं की दर वेळी रिबाविरिनच्या माथी मारायचं नाही. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून आत रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतंय का? असेल तर उद्याची वाट पाहू नका, रात्री असलात तरी इमर्जन्सीत जा. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यालाही काळं होतं आणि मग खरं कुठलं ते कळत नाही. त्या न देण्याचं हे दुसरं कारण.

रक्ताबद्दल: हा विषाणू सापडला १९८९ साली. १९९१ मध्ये रक्तपेढ्यांत त्याची चाचणी सक्तीची नव्हती, ती पुढे जवळपास दहा वर्षांनी झाली. तेव्हा बाटलीत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. आज प्रत्येक बाटली तपासली जाते. मात्र त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही.

---

सुमाकाकू | २३ जून, सकाळी ८:०५

डॉक्टर, मला हे ठाऊक नव्हतं हो. रक्त कमी म्हणजे लोह कमी, एवढंच आम्हाला शिकवलेलं. मग बीट आणि पालक बंदच करायचे का?

---

निवृत्त_स्टेथो | २३ जून, सकाळी ८:५०

काकू, भाजी म्हणून खुशाल खाऊ द्या. चार घास पालकाने काही साठत नाही. प्रश्न गोळ्यांचा, टॉनिकांचा आणि "औषध म्हणून रोज दोन ग्लास" छाप रसांचा. पोटात पाणी झालेल्याने मीठ मोजूनच खायचं, आणि मधुमेही माणसाला गूळ-खजूर कशाला?

---

खारघरची_खार | २३ जून, सकाळी १०:१२

मधुमेह म्हटलात म्हणून आमच्या घरचा किस्सा. सासऱ्यांचीही हीच ट्रीटमेंट होती, रिबाविरिनसकट. दहाव्या आठवड्यात तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी केली. एरवी ७.९ असायची, ती निघाली ५.६. घरात दिवाळी! सासूबाईंनी पाव किलो श्रीखंड आणलं. सासरे वाटी चाटूनपुसून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा पास झालो."

चार दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला. ती चाचणी तांबड्या पेशीला तिच्या आयुष्यभरात किती साखर चिकटली ते मोजते. पेशी तरुणपणीच फुटतायत तर साखर चिकटायला वेळ कुठला? आकडा खोटाच कमी येतो. बोटातून रक्त काढून मशिनवर पाहिलं तर जेवणानंतर २६०. श्रीखंड जप्त. निशिगंधा, बाबांची साखर ग्लुकोमीटरवरच बघ, त्या रिपोर्टवर जाऊ नकोस.

---

अळवावरचं_पाणी | २३ जून, सकाळी १०:२०

पेपर फुटल्यामुळे पास झालेला विद्यार्थी.

---

निवृत्त_स्टेथो | २३ जून, सकाळी १०:३३

खारताई, हे मी लिहायचं विसरलोच होतो. शंभर टक्के बरोबर.

---

भुईआवळा | २३ जून, सकाळी ११:००

माझ्या गुळवेलीचं उत्तर कुणी दिलं नाही.

---

निवृत्त_स्टेथो | २३ जून, दुपारी १२:२५

देतो. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला, दुसरीच वेल घेतली असेल असंही म्हटलं गेलं. असेलही. पण सिऱ्होसिसच्या लिव्हरवर बारा आठवड्यांत नवीन प्रयोग नको, एवढं तुम्हालाही पटावं. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. दोन आचारी एकाच भांड्यात मीठ घालतायत, त्याच्या विरोधात आहे.

---

उल्हासनगरी | २४ जून, रात्री ९:५०

बऱ्याच वर्षांनी लिहितोय. माझा मुलगा थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा जन्मजात आजार) आहे, आता पंचविशीत. आमच्या सिंधी समाजात हे प्रमाण जास्त आहे. शाळा-कॉलेज ठाणे जिल्ह्यातच मराठीत झालं म्हणून मराठी लिहितो, चुका पोटात घाला.

त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. त्यातूनच कधीतरी हिपॅटायटिस सी आला. २०११ साली इंटरफेरॉन-रिबाविरिन सुरू केलं. तीन आठवड्यांचं रक्त बारा दिवसांवर आलं. जितकं रक्त जास्त तितकं लोह जास्त, म्हणून लोह बाहेर काढायचं औषधही वाढलं. एका हाताने भरायचं, दुसऱ्या हाताने उपसायचं. चौदा आठवड्यांनी आम्हीच थांबवलं. त्या दिवशी मुलगा म्हणाला, "पप्पा, आज शाळेला जाऊ?"

पुढे सोफोसबुविर आलं. अमेरिकेत एका गोळीला हजार डॉलर. आपल्याकडे भारतीय कंपन्यांना बनवायचा परवाना मिळाला आणि २०१५ मध्ये त्या गोळ्या आपल्याला परवडतील अशा भावात बाजारात आल्या. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, बारा आठवडे, रिबाविरिन नाही. रक्ताच्या तारखा एक दिवस पुढेमागे झाल्या नाहीत. विषाणू गेला. तारखा अजून चालू आहेत, त्या चालूच राहणार.

बेटा, तुझ्या बाबांना सांग, रिबाविरिन कमी करणं म्हणजे हरणं नाही. मी तेव्हा तेच समजत होतो आणि पोराला चौदा आठवडे उगाच ओढलं.

---

सुमाकाकू | २४ जून, रात्री १०:१०

दादा, चुका कुठे आहेत? वाचताना गळा दाटला.

---

नेरूळवासी | २५ जून, सकाळी ९:००

एरिथ्रोपोएटिनबद्दल मधला_डबा यांनी लिहिलंय म्हणून. आमच्या काकांचं डायलिसिस चालू आहे, त्यांना ते कायम लागतं. केमिस्टकडून आणताना बर्फाच्या पाकिटात आणायचं, घरी फ्रीजच्या दारात नाही तर आतल्या कप्प्यात, आणि बाटली हलवायची नाही. तुर्भ्याहून रिक्षाने आणताना पुढच्या खड्ड्यांचं काय करायचं ते कंपनीने लिहिलेलं नाही.

काकांनाही सी होता. किडनी काम करत नसल्याने रिबाविरिन अंगात साठेल म्हणून त्यांना दिलंच नाही, नुसत्या नव्या गोळ्यांवर बरे झाले. आणि पैशाचं म्हणाल तर सरकारी केंद्रात सगळं फुकट झालं. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी) आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. फक्त रांगेत उभं राहायची तयारी ठेवा आणि आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स न्या. लागत नाहीत, पण न्या.

---

खारघरची_खार | २५ जून, सकाळी ९:४०

आणखी एक, घरात कुणी गरोदर आहे का? असेल तर रिबाविरिनच्या कॅप्सूल तिने हाताळू नयेत, बाळाला धोका असतो. ज्याला औषध चालू आहे त्या जोडप्याने तर औषध थांबल्यावरही किमान सहा महिने मूल राहू द्यायचं नाही, मग औषध नवऱ्याला चालू असो की बायकोला. आमच्या डॉक्टरांनी हे सासऱ्यांना इतक्या गंभीरपणे सांगितलं की सासूबाई (वय ६४) लाजून बाहेर गेल्या.

आणि निशिगंधा, तू स्वतःचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी पाहिलंस? आपल्या देशातल्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक आहेत, आणि तूही तेच तीन मजले चढतेस.

---

निशिगंधा | २८ जून, रात्री ११:२०

अपडेट. शौचाचा रंग नेहमीसारखाच (हे मी बाबांना विचारलं, तो संवाद इथे लिहीत नाही). बिलिरुबिन वाढलंय, पण बरंचसं इनडायरेक्ट. फेरिटिन ४१०, म्हणजे लोह भरपूर. आत्याला रिपोर्ट दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग लाडवांचं काय करू?" पँटोप्राझोल डॉक्टरांनी बंद केलं.

कॅप्सूल तीनच्या दोन झाल्या. उल्हासनगरी काका, बाबांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. रात्री जेवणानंतर ताटलीत दोनऐवजी एकच कॅप्सूल ठेवली होती. ती घेतली, आणि डबी स्वतःच्या हाताने माझ्याकडे दिली.

---

मधला_डबा | २८ जून, रात्री ११:३५

झोप येत नसेल आणि चिडचीड होत असेल त्यांची, तर तेही औषधाचंच. मी बायकोशी चमचा चुकीच्या खणात ठेवला म्हणून तीन दिवस अबोला धरला होता. रात्रीची कॅप्सूल जरा लवकर, संध्याकाळच्या खाण्याबरोबर चालेल का ते विचारून घे. उपाशीपोटी मात्र नाही.

---

निशिगंधा | २० जुलै, रात्री १०:०२

६ जुलैला ८.६ झालं होतं. ते दोन आठवडे वाईट गेले. ८.५ ची रेघ आणि आम्ही, मध्ये एक दशांश. डॉक्टरांनी आणखी एक कॅप्सूल कमी केली, आता दिवसाला एकच. काल ९.३. रक्त चढवावं लागलं नाही. परवा पाऊस थांबला होता तर तलावपाळीपर्यंत चालत गेले, येताना रिक्षा. चार आठवड्यांच्या व्हायरल लोडमध्ये विषाणू सापडला नाही.

---

अळवावरचं_पाणी | २० जुलै, रात्री १०:११

तलावपाळीला गेले आणि पाणीपुरी न खाता आले? ठाणेकर असल्याचा पुरावा द्या.

---

निशिगंधा | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

धागा वर काढतेय. १८ ऑगस्टला गोळ्या संपल्या. रिबाविरिन थांबल्यावर महिनाभरात हिमोग्लोबिन ११.२ झालं. औषध संपून बारा आठवड्यांनी करायची शेवटची तपासणी गेल्या आठवड्यात केली. विषाणू नाही! डॉक्टरांच्या भाषेत बरे झाले.

सिऱ्होसिस आहे तो आहे, त्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही. आणि अँटिबॉडीची साधी चाचणी आता जन्मभर पॉझिटिव्हच येणार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एका दवाखान्यात ती पॉझिटिव्ह पाहून बाबांना शेवटच्या नंबरावर ढकललं, तेव्हा व्हायरल लोडचा रिपोर्ट पुढे केला. आता त्याची लॅमिनेट केलेली प्रत बाबांच्या शबनममध्ये असते. सोसायटीच्या नव्या कमिटीतही बाबा निवडून आलेत. नोटीस बोर्डाची चावी आता त्यांच्याकडे आहे.

---

उल्हासनगरी | १८ नोव्हेंबर, रात्री ८:१५

मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, अंकलना सांगा पाणीपुरी माझ्याकडून.

---

सुमाकाकू | १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

बाई, जीव भांड्यात पडला. पण ते आत्याचे लाडू? दर रविवारी येत होते ना?

---

निशिगंधा | १८ नोव्हेंबर, रात्री ८:५२

खारताईने विचारलं म्हणून जुलैत माझं तपासलं. ९.८. फेरिटिन ६. लाडू मीच खाल्ले, आणि कपाटातल्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून मलाच लागू झाल्या. आता ११.९ आहे. आत्याला अजून वाटतं बाबा चोरून खात होते.